पातळपणाची किंमत

दहावी-बारावीचे निकाल लागले कीं आमच्या तळा तालुक्यांतील घराघरांतून एक प्रश्न ऐकूं येऊं लागतो : "मुलाला लॅपटॉप कोणता घ्यावा?" पूर्वीं महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलास ट्रंक, वळकटी आणि फाउंटन पेन एवढीं दिलीं कीं पालकांची तयारी पुरी होत असे, आतां त्या यादींत संगणकाचें नांव सर्वांत वर आलें आहे. पैसा मात्र जुन्याच मार्गांनीं उभा राहतो. कोणी पतपेढीचें कर्ज काढतो, कोणी मुंबईस नोकरीवर असलेल्या काकामामांकडे शब्द टाकतो, कोणी आंब्याच्या हंगामाची मिळकत बाजूला ठेवतो. अशा कष्टाच्या पैशानें घ्यावयाची वस्तु नीट पारखून घेतली जावी, एवढ्याच हेतूनें आम्ही आज ह्या विषयावर चार शब्द लिहीत आहों.

लॅपटॉपांच्या अनेक जातींपैकीं एकाच जातीचा विचार आम्ही येथें करणार आहों. ती जात म्हणजे पातळ अंगाची, रुंद पडद्याची आणि मोठ्या किंमतीची. हिचाच विचार कां, असें कोणी विचारील. त्याचें कारण असें कीं, जाहिरातींत हीच पुढें असते, शहरांतील मित्रांच्या हातीं हीच दिसते आणि मुलांच्या मनांत हीच बसते. ज्या वस्तूचा मोह मोठा, ती तोलण्याचा तराजूही तितकाच काटेकोर असावा.

ही वस्तु एकाएकीं निर्माण झालेली नाहीं. १९८१ सालीं अमेरिकेंत ऑस्बोर्न नांवाचा संगणक निघाला. उचलून नेतां येतो म्हणून त्याची ख्याति झाली. परंतु त्याचें वजन सुमारें ११ किलो होतें आणि पडदा अवघा ५ इंचांचा होता. पुढें २००८ च्या जानेवारींत ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्स ह्यांनीं भरसभेंत एका कागदी लिफाफ्यांतून लॅपटॉप बाहेर काढून दाखविला. तो पहिला मॅकबुक एअर. त्याचा पडदा १३.३ इंचांचा होता. त्या काळीं मोठा पडदा हवा असल्यास जड यंत्र उचलण्याखेरीज गत्यंतर नसे. त्याच कंपनीचा १७ इंची मॅकबुक प्रो, जो २०१२ सालीं बंद झाला, सुमारें ३ किलो भरत असे. २०१९ सालीं एलजी कंपनीनें 'ग्राम' ह्या नांवाचा १७ इंची पडद्याचा लॅपटॉप आणला; त्याचें वजन १ किलो ३४० ग्रॅम. आणि जून २०२३ मध्यें १५ इंची मॅकबुक एअर आला : जाडी साडेअकरा मिलिमीटर, वजन सुमारें दीड किलो, पडदा १५.३ इंचांचा, आणि भारतांतील किंमत १,३४,९०० रुपयांपासून पुढें. म्हणजे सुमारें चाळीस वर्षांत पडदा तिप्पट झाला आणि वजन सातव्या हिश्श्यावर आलें. मनुष्याच्या बुद्धीचें हें कौतुक करण्याजोगेंच आहे, आणि तें मोकळ्या मनानें करून मगच आम्ही तराजू हातीं घेतों.

प्रथम गुण पाहूं. पहिला गुण पडद्याचा. पडद्याचें माप एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, म्हणजे कर्णावर, घेतात. म्हणून १३.६ इंच आणि १५.३ इंच ह्यांत दोन इंचांचाही फरक दिसत नसला, तरी दोन्ही पडद्यांच्या लांबीरुंदीचें प्रमाण जवळजवळ सारखेंच असल्यामुळें क्षेत्रफळ कर्णाच्या वर्गाप्रमाणें वाढतें, आणि तें पाव हिश्श्याहून अधिक वाढलेलें आढळतें. भूमितीच्या विद्यार्थ्यांनीं हा हिशेब स्वतः करून पाहावा. ह्या वाढीचा उपयोग खरा आहे. एका बाजूस पुस्तक आणि दुसऱ्या बाजूस आपली वही, अशीं दोन पानें शेजारीं शेजारीं उघडीं ठेवतां येतात. त्यांतून आपली देवनागरी लिपि अशी कीं, अक्षराच्या डोक्यावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार, तर पायाशीं उकार. लहान पडद्यावर बारीक टाइपांत हीं चिन्हें एकमेकांत मिसळतात आणि डोळ्यांस ताण पडतो. रुंद पडद्यावर अक्षर मोठें करूनही ओळ तुटत नाहीं.

दुसरा गुण वजनाचा. आमच्या मुलांचा प्रवास म्हणजे एस. टी. नें इंदापूर किंवा माणगांव गांठावें, तेथून महामार्गानें अथवा कोंकण रेल्वेनें पुढें जावें. गणपतीच्या आणि शिमग्याच्या दिवसांत गाडींत उभें राहण्यापुरती जागा मिळाली तरी भाग्य मानावें लागतें. अशा वेळीं पाठीवर तीन किलो असणें आणि दीड किलो असणें ह्यांतील भेद पुस्तकी नाहीं. तो खांद्यास कळतो.

तिसरा गुण बॅटरीचा. ह्या १५ इंची यंत्रावर एका भरणींत १५ तासांपर्यंत संकेतस्थळें पाहतां येतात, असें कंपनी सांगते. कंपनीच्या आंकड्यांतून थोडें वजा करूनच व्यवहार करावा. तरी अर्धें उरलें तरी एक कामाचा दिवस निघतो. ह्या गोष्टीचें मोल आमच्या जिल्ह्यास निराळें सांगावयास नको. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां विजेचे खांब उन्मळून पडले आणि जिल्ह्यांतील कित्येक गांवांस पुष्कळ दिवस अंधारांत काढावे लागले. आणि तो काळ टाळेबंदीचा, शिक्षण पडद्यावर आलेलें. वादळाची गोष्ट बाजूस ठेवली तरी दर पावसाळ्यांत वीज जाणें हा आमचा नेहमींचाच अनुभव आहे. जेथें विजेचा भरंवसा कमी, तेथें टिकाऊ भरणी ही चैन नव्हे.

चौथा गुण शांततेचा. ह्या यंत्रांत पंखाच नाहीं. त्यामुळें आवाज नाहीं आणि पंख्यावाटे धूळ आंत ओढली जाण्याचें भय नाहीं.

आतां दोष पाहूं. सर्वांत मोठा दोष दुकानांत दिसत नाहीं, कारण तो आंत जोडलेला असतो. जुन्या जाड लॅपटॉपांत रॅम, म्हणजे यंत्राची कामापुरती स्मृति, ही एका सुट्या पट्टीच्या रूपानें खांचेंत बसविलेली असे. साठवणीचा भाग निराळा असे; कित्येकांत बॅटरी तर नुसती कळ सरकवून काढतां येई. एक भाग बिघडला तर तेवढाच बदलावा, काम वाढलें तर स्मृतीची पट्टी वाढवावी, अशी ती रचना होती. परंतु खांच म्हटली कीं उंची आली, झांकण आलें, स्क्रू आले. पातळपणा हवा असेल तर हीं सर्व काढून टाकावीं लागतात. म्हणून ह्या १५ इंची मॅकबुक एअरमध्यें स्मृति आणि साठवण ह्या दोन्ही गोष्टी डाक देऊन कायमच्या जोडलेल्या असतात. घेतेवेळीं जें घेतलें, तेंच शेवटपर्यंत.

ह्याचा परिणाम काय होतो, तें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. २०२३ सालीं ह्या यंत्राच्या सर्वांत कमी किंमतीच्या नमुन्यांत ८ गीगाबाइट रॅम मिळत असे. ऑक्टोबर २०२४ मध्यें कंपनीनें किंमत न वाढवितां १६ गीगाबाइट देण्यास आरंभ केला. अर्थात् आठ आतां पुरेसे नाहींत, हें तिनेंच कृतीनें मान्य केलें. नव्या गिऱ्हाइकाचा लाभ झाला. परंतु ज्यानें आदल्याच महिन्यांत ८ चें यंत्र घेतलें होतें, त्यास आणखी ८ ची पट्टी आणून बसवितां येत नाहीं. सुट्या पट्टीच्या यंत्रास जें काम थोड्याशा खर्चांत झालें असतें, त्यासाठीं ह्यास सबंध यंत्रच बदलावें लागतें.

ह्यांत केवळ कंपनीचा लोभ आहे असें म्हणणें अन्यायाचें होईल. स्मृति प्रोसेसरच्या अगदीं शेजारीं बसविली कीं माहितीचा प्रवास आंखूड होतो, वेग वाढतो आणि वीज कमी लागते. ज्या दीर्घ भरणीची स्तुति आम्हीं वर केली, तिचें एक कारण हेंच आहे. सारांश, गुण आणि दोष हे येथें एकाच बीजाचे दोन अंकुर आहेत. एक घेतला कीं दुसरा आलाच.

दुसरा दोष उष्णतेचा. पंखा नसल्यामुळें शांतता मिळते, हें खरें. परंतु प्रोसेसर तापल्यावर ती उष्णता धातूच्या अंगावाटेच बाहेर पडावयाची. लेखन, वाचन, हिशेब ह्या कामांत कांहीं जाणवत नाहीं. मात्र लांब चित्रफितीचें संपादन किंवा अवजड गणित बराच वेळ चालविलें कीं यंत्र आपला वेग आपणच उतरवितें. शिवाय हें यंत्र १० ते ३५ अंश तापमानांत आणि ९० टक्क्यांपर्यंतच्या आर्द्रतेंत वापरावें, असें कंपनीच्या माहितीपत्रकांतच म्हटलें आहे. वैशाखांतील दुपारीं पत्र्याच्या छपराखालीं पारा कोठें जातो, आणि आषाढांत भिंतींस ओल येते तेव्हां हवेंत पाणी किती असतें, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. यंत्र लागलीच बिघडेल असें नव्हे. पण तें ज्या हवेसाठीं आंखलें गेलें, ती हवा आमची नाहीं, एवढें ध्यानांत असावें.

तिसरा दोष लहान वाटतो, पण रोज अडवितो. ह्या यंत्रास भरणीच्या आणि कानांतल्या तारेच्या जागा सोडल्यास जोडणीसाठीं दोनच बारीक छिद्रें आहेत. नेहमींचा पेनड्राइव्ह त्यांत जात नाहीं. शाळेच्या प्रोजेक्टरची तारही जात नाहीं. झेरॉक्सच्या दुकानांत जाऊन निबंध छापून आणावयाचा, वर्गांत आपला प्रकल्प भिंतीवर दाखवावयाचा, अशा साध्या कामांसाठीं एक निराळा जोड विकत घेऊन जवळ बाळगावा लागतो. जोड घरीं विसरला कीं लाखाचें यंत्र मुकें होतें.

पातळपणाचा हट्ट फार ताणला तर काय होतें, ह्याचें एक उदाहरण तर जगजाहीर आहे. ॲपलनें २०१५ पासून आपल्या लॅपटॉपांत 'फुलपांखरी' नांवाचा अतिशय उथळ कळफलक बसविला. थोड्याशा धुळीनें त्याच्या कळा अडकूं लागल्या. एक अक्षर दाबावें तर दोन उमटावीं किंवा एकही उमटूं नये, अशा तक्रारी आल्या. जून २०१८ मध्यें कंपनीस फुकट दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली. २०१९ च्या नोव्हेंबरापासून २०२० च्या मे महिन्यापर्यंत तिनें तो कळफलक टप्प्याटप्प्यानें सोडून दिला. आणि २०२२ सालीं अमेरिकेंतील दाव्यांत ५ कोटी डॉलरांची तडजोड मान्य केली. एवढ्या नामांकित कंपनीसही मिलिमीटरच्या लहानशा अंशासाठीं एवढी किंमत मोजावी लागली, हें विसरूं नये. पुढच्या यंत्रांत तो कळफलक नाहीं, हेंही न्यायानें सांगितलें पाहिजे.

आणि शेवटचा दोष यंत्राचा नसून अंतराचा आहे. कोयतीची मूठ सैल झाली तर लोहार गांवांत आहे. शिलाईचें यंत्र अडलें तर तें उघडणारा माणूस बाजारपेठेंत मिळतो. साध्या लॅपटॉपाची पट्टी किंवा बॅटरी बदलणारा कारागीरही तालुक्याच्या नाहीं तर जवळच्या मोठ्या गांवीं सांपडतो. परंतु चिकटविलेल्या आणि डाक दिलेल्या यंत्रापुढें त्याचे हात टेकतात. मग पनवेल किंवा मुंबई गांठावी, यंत्र तेथें ठेवून परत यावें, निरोप आल्यावर पुन्हां जावें. रुंद पडद्याची कांच फुटली तर तिचा खर्च ऐकूनच कित्येक घरांत यंत्र कपाटांत जाऊन बसतें. शहरांतल्या मुलाचा एक दिवस बुडतो. आमच्या मुलाचा कदाचित् परीक्षेचा महिना बुडतो. दोष तोच, पण त्याचें वजन गांवागणिक बदलतें. हीच गोष्ट ह्या लेखांत आम्हांस मुख्यत्वेंकरून सांगावयाची आहे : वस्तूची खरी किंमत ती विकत घेतल्या दिवशीं कळत नाहीं, ती बिघडल्याच्या दुसऱ्या दिवशीं कळते.

ह्यावर कोणी म्हणेल, "मग काय स्वस्तांतलें स्वस्त घ्यावें?" आमचें तसें म्हणणें मुळींच नाहीं. फार स्वस्त लॅपटॉपाच्या बिजागऱ्या वर्षा-दोन वर्षांत ढिल्या पडतात, पडदा अंधुक असतो, भरणी दोन तासांत संपते. महाग पातळ यंत्र नीट जपलें तर पुष्कळ वर्षें चालतें आणि विकतांनाही बरी किंमत देतें. 'स्वस्त तें मस्त' ही म्हण जितकी खोटी, तितकीच 'महाग तें उत्तम' ही समजूतही खोटी. प्रश्न किंमतीचा नाहीं. कामाचा आणि जागेचा आहे.

म्हणून पालकांनीं पैसे मोजण्यापूर्वीं कांहीं प्रश्न विचारावे, अशी आमची सूचना आहे. पहिला प्रश्न : मुलगा अथवा मुलगी काय शिकणार? वाङ्मय, कायदा, वाणिज्य, अध्यापन ह्यांत लेखन-वाचन मुख्य, आणि रोजचा प्रवास लांब, अशी स्थिति असेल तर पातळ यंत्र शोभतें. अभियांत्रिकीस जावयाचें असेल तर प्रथम महाविद्यालयास विचारावें. कारण सॉलिडवर्क्ससारखीं कांहीं आरेखनाचीं साधनें मॅकसाठीं निघतच नाहींत, आणि पंखा नसलेल्या यंत्रास तें ओझेंही फार. दुसरा प्रश्न : रॅम पुढें वाढवितां येईल काय? येत नसेल तर आजच्या गरजेपेक्षां अधिक घेतल्याखेरीज पैसे देऊं नयेत. तिसरा प्रश्न : बॅटरी, कळफलक आणि पडदा बदलण्यास काय पडेल, आणि तें काम कोठें होईल? विक्रेत्याकडून हे आंकडे लिहून घ्यावे. ह्या प्रश्नाचें उत्तर जो टाळील, त्याच्या दुकानाची पायरी उतरावी. चौथा प्रश्न : हमी एका वर्षाची कीं अधिक, आणि पाण्यानें झालेला बिघाड तींत येतो काय? कोंकणांत हा प्रश्न विसरतां कामा नये.

आणि पांचवा प्रश्न पडद्याचा : मोठा पडदा प्रवासांत हवा आहे कीं घरीं? जून २०२३ मध्यें १३ इंची मॅकबुक एअर १,१४,९०० रुपयांस आणि १५ इंची १,३४,९०० रुपयांस मिळत होता. म्हणजे पाव हिश्श्याहून थोड्या अधिक पडद्यासाठीं वीस हजार अधिक. दहाबारा हजारांच्या आसपास तर टेबलावर ठेवावयाचा २४ इंची निराळा पडदाच मिळतो. तो फुटला तर संगणक चालूच राहतो. संगणक बदलला तर पडदा तोच राहतो. आणि धाकट्या भावंडासही तो उपयोगी पडतो. सुट्या पट्टीचा मध्यम आकाराचा लॅपटॉप प्रवासास आणि असा पडदा अभ्यासाच्या टेबलास, ही जोडी पुष्कळ घरांस अधिक मानवेल असें आमचें मत आहे. तिच्यांत डौल कमी आहे, हें आम्ही कबूल करतों.

परंतु पातळपणा आणि दुरुस्ती ह्यांचें वैर जन्माचें आहे काय? तसेंही नाहीं. फ्रेमवर्क नांवाच्या अमेरिकन कंपनीनें २०२१ सालीं असा लॅपटॉप काढला कीं, ज्याची रॅम, साठवण, बॅटरी, पडदा आणि कळफलक हे सर्व भाग गिऱ्हाइकानें घरीं बदलावे. स्क्रू सोडविण्याचें हत्यारही सोबत येई. त्याचा पडदा १३.५ इंचांचा, वजन १ किलो ३०० ग्रॅम आणि जाडी १५.८५ मिलिमीटर होती. साडेअकरांशीं हा आंकडा ताडून पाहावा. पडद्याचा आकार निराळा, म्हणून तुलना अगदीं कांट्याची नव्हे. तरीही दुरुस्तीच्या स्वातंत्र्याचें मोल साडेचार मिलिमीटरांहूनही कमी ठरतें. एवढी जाडी आमच्या मुलांच्या पिशवींत सहज मावेल!

आमच्या सरकारनेंही ह्या प्रश्नाकडे लक्ष दिलें आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानें जुलै २०२२ मध्यें 'दुरुस्तीचा हक्क' ह्या विषयावर समिति नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्यासाठीं एक संकेतस्थळ सुरू केलें. १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत आलेल्या ई-कचरा नियमांनीं जुन्या यंत्रांच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. परंतु नियम कितीही झाले, तरी गिऱ्हाईक दुकानांत उभें राहून काय विचारतें, ह्यावरच उत्पादक काय बनवितो हें ठरतें. "हें किती पातळ आहे?" असें सर्वांनीं विचारलें तर पातळ यंत्रें निघतील, "हें उघडतां येतें काय?" असें विचारणारे वाढले तर उघडतां येणारीं निघतील.

विद्यार्थिमित्रहो, रुंद पडदा आणि पातळ अंग हे खरे गुण आहेत. त्यांचा मोह वाटणें हा गुन्हा नाहीं. परंतु जें यंत्र तुमच्या हातीं येईल त्यामागें कोणाचा तरी हंगाम, कोणाची तरी बचत उभी असेल. म्हणून आईबापांपुढें हट्ट धरण्याआधीं वरील पांच प्रश्नांचीं उत्तरें एका कागदावर लिहा आणि तो कागद त्यांच्यापुढें ठेवा. उत्तरें पातळ यंत्राच्या बाजूचीं निघालीं तर तें आनंदानें घ्या आणि जपून वापरा. विरुद्ध निघालीं तर जाड यंत्र घेण्यांत कमीपणा मानूं नका. तुम्हीं लिहिलेला निबंध वाचणारा कोणीही तो किती मिलिमीटर जाडीच्या यंत्रावर लिहिला, हें विचारणार नाहीं.